राहिलेला अर्धा तास

“आजोबा, तिथं ऊन येतंय. आत येऊन बसा,” रश्मी ओव्हाळ मॅडम वर्गाच्या दारात येऊन म्हणाल्या.

मारुतराव व्हरांड्यातल्या बाकावर नातीच्या कुबड्या मांडीवर घेऊन बसले होते. ते गडबडीनं उठले. वर्गाबाहेर जा म्हणणारे मास्तर त्यांना आयुष्यात पुष्कळ भेटले होते. आत या म्हणणारं हे पहिलंच माणूस.

“नगं मॅडम, मी हितंच बरा हाय. पोरीच्या पायाला पलस्तर, म्हणून सोबतीला आलोय.”

“मग सोबत आतून करा. सातच मुलं आहेत वर्गात. आठवं माणूस आलं तर मलाही शिकवल्यासारखं वाटेल.”

मुलं हसली. राजनंदिनी पहिल्या बाकावर पाय लांब करून बसली होती. तिनं ‘या की आप्पा’ अशी मान हलवली. चौसष्ट वर्षांचे मारुतराव, टोपी काढावी की ठेवावी ह्या विचारात, शेवटच्या बाकावर अंग चोरून बसले. शेवटी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

फळ्यावर विषयाचं नाव होतं : अमेरिकेचे शासन आणि राजकारण – परिचय. राजनंदिनी खरी बी. कॉम.ची. पण नव्या धोरणात आपल्या शाखेबाहेरचा एक विषय घ्यावाच लागतो म्हणे. ती अर्ज भरायला पोचेपर्यंत बाकीच्या विषयांच्या जागा भरून गेल्या आणि ही अमेरिका तेवढी शिल्लक राहिली. त्यात महिन्याभरापूर्वी चौफुल्याजवळ स्कूटीवरून पडून तिनं पाय मोडून घेतला. बाप ऊसतोडीत गुंतलेला. मग तिला सकाळच्या गाडीत चढवायचं, दौंडला उतरवायचं, जिना चढवायचा आणि तास सुटेपर्यंत थांबायचं, हे काम आपसूक आजोबांकडे आलं. त्यांनी ते कुरकुर न करता घेतलं. उलट त्या दिवसापासून ते धुतलेलं धोतर नेसायला लागले, हे घरात सगळ्यांच्या लक्षात आलं होतं.

कारण मारुतराव एकेकाळी दौंडलाच कॉलेजात होते. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी. एस. वाय. बी. ए.ला होते तेव्हा वडील गेले आणि शिक्षण सुटलं. तरी पाच-सहा हजारांच्या भांडगावात त्या काळी कॉलेजची पायरी चढलेलं माणूस म्हणजे अप्रूपच. त्यातून त्यांना राज्यशास्त्र. दर चार वर्षांनी तिकडे अमेरिकेत निवडणूक लागली की इकडे हायवेवरच्या चहाच्या टपरीवर मारुतरावांचा भाव वधारायचा. “काय आप्पा, जास्त मतं पडून बी पडला म्हणं तो, ते कसं काय?” असं कुणी विचारलं की मारुतराव बशी खाली ठेवायचे आणि पाऊण तास समजावून सांगायचे. ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा, पण कुणी उठायचं नाही.

एक हजेरीचा कागद बाकांवरून फिरत आला. प्रत्येकानं सही केली. मारुतरावांनी तो हातात घेतला, बघितला आणि तसाच मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला.

“करा की सही. तुमचीही हजेरी लागू दे,” मॅडम गमतीनं म्हणाल्या.

“मी अंगठा लावतो, मॅडम.”

एस. वाय.पर्यंत शिकलेला माणूस अंगठा लावतो ह्याचं गावात पूर्वी आश्चर्य करत. बँकेतल्या कारकुनानं एकदा ह्यावरून हुज्जतही घातली होती. पण आधार कार्ड आलं, रेशनला, पेन्शनला सगळीकडे मशीन आलं आणि अख्खा देशच अंगठेबहाद्दर झाला. त्यात मारुतरावांचंही झाकून गेलं.

मॅडमनी खडू उचलला. त्या दौंडच्याच, रेल्वेतल्या फिटरची मुलगी. तासाच्या हिशोबावर नेमणूक, दर जूनमध्ये नव्यानं मुलाखत. पण शिकवायला उभ्या राहिल्या की हे सगळं दाराबाहेर चपलांसारखं काढून ठेवायच्या.

“आज राष्ट्राध्यक्षाची निवड. पुस्तकात अवघड केलंय, पण तुम्हाला अवघड जायचं कारण नाही. दूध संघाची निवडणूक बघितलीय ना? संघाचा संचालक गावातले सगळे दूधवाले निवडतात का?”

“नाही. ठरावदार निवडतात,” एक मुलगा म्हणाला.

“बरोबर. गावची दूध संस्था ठराव करून एका माणसाचं नाव देते, आणि तो एकटा गावाच्या वतीनं तालुक्याला जाऊन मत टाकतो. अमेरिकेतही तेच. लोक आधी ठरावदार निवडतात आणि ते ठरावदार राष्ट्राध्यक्षाला मत देतात. फरक एवढाच की त्यांना मतदानाआधी चार दिवस महाबळेश्वरला नेऊन ठेवत नाहीत.”

वर्ग हसला. शेवटच्या बाकावर मात्र मारुतरावांनी गुडघ्यावरची टोपी मुठीत धरली होती. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या सरांनी अशीच फोड करून सांगितली होती.

“मग कुणी शब्द फिरवला तर? एकाच्या नावावर गेला आणि मत दुसऱ्याला दिलं, तर?” मॅडमनी विचारलं. “असे लोक तिथंही निघालेत. म्हणून कोणी काय केलं ह्याचा कागद राहतो. हे ठरावदार सही करतात.”

मारुतरावांनी सुस्कारा सोडला. हेच. हेच वाक्य त्यांनी ऐकलं होतं, आणि गेली अठ्ठावीस वर्षं उराशी धरलं होतं. त्यांना वाटलं, उठावं आणि सगळ्या भांडगावाला हाक मारून ह्या वर्गात आणून बसवावं.

“पण आता नीट ऐका,” मॅडम पुढे म्हणाल्या, “परीक्षेत मुलं इथंच चुकतात. मत वेगळं आणि यादी वेगळी. मत द्यायचं चिठ्ठीनं. मग मतं मोजायची, कुणाला किती पडली त्याची यादी करायची, आणि सही करायची ती त्या यादीवर. घटनेत सांगितलेली सही ती.”

शेवटच्या बाकावरून हात वर आला. मॅडमना आधी कळलंच नाही कुणाचा.

“मॅडम, मतावर न्हाई? सही?”

“नाही आजोबा. यादीवर.”

“आसं,” मारुतराव म्हणाले आणि हात खाली घेतला.

तास सुटला तेव्हा ते टोपी घालून सरळ जिना उतरून गेले. खाली गेटपाशी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की नात वरच राहिलीय आणि तिच्या कुबड्या आपल्या काखेत आहेत.

*

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. खिडकीबाहेर उसाचे फड मागे पडत होते. पाटस गेलं तरी आजोबा बोलेनात, तेव्हा राजनंदिनीनं त्यांच्या पायाला पलस्तरानंच ढोसलं.

“आप्पा, एक विचारू? रागवायचं नाही.”

“इचार.”

“गावात तुम्हाला माघारी ‘सहीवाले’ का म्हणतात? घरात विचारलं की सगळे गप्प बसतात.”

मारुतरावांनी तिच्याकडे बघितलं. ही गोष्ट गावात शेंबड्या पोरालाही माहीत होती. पण ती गावाला माहीत होती तशी. मारुतरावांना माहीत होती तशी त्यांनी ती बायकोलासुद्धा सांगितली नव्हती, आणि ती बिचारी न ऐकताच गेली.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली सोपानराव दूध संघाच्या निवडणुकीला उभे राहिले. सोपान आणि मारुती म्हणजे एका ताटात जेवणारे. बांधाला बांध, पोहायला एक विहीर, बैल मेला तर एकानं दुसऱ्याचा जुंपायचा. त्याआधीच्या निवडणुकीत गावचा ठराव म्हस्कूतात्यांच्या नावानं होता आणि तात्यांनी शिक्का नेमका दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर मारून मत वाया घालवलं होतं. म्हणून ह्या वेळी सोपानरावांनी हट्टानं ठराव मारुतीच्या नावावर करून घेतला. “ह्यो कालिजात गेलेला गडी हाय. ह्याचं मत वाया जायचं न्हाई,” असं ते भर सभेत म्हणाले होते. रिवाजाप्रमाणे मारुतीनं खंडोबापुढे बेल-भंडारा उचलून शपथ घेतली. खरं तर त्याची गरज नव्हती. पण सगळे उचलतात म्हणून त्यानंही उचलला.

मतदानाच्या दिवशी सकाळी विरोधी पार्टीनं आवई उठवली, की भांडगावचं मत फुटलं. सोपानराव केंद्राच्या दाराशी आले, मित्राला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “मारुत्या, फुटला न्हाईस ना रं?”

हे विचारलं नसतं तर पुढचं काही घडलंच नसतं. बेल-भंडारा उचललेल्या माणसाला, आणि तेही सोपाननं! मारुतराव आत गेले. सोपानरावांच्या चिन्हावर, कपबशीवर, व्यवस्थित शिक्का मारला. मग त्यांना आठवलं ते सरांचं वाक्य. ठरावदार सही करतात, म्हणजे कुणी बोट दाखवायला जागा राहत नाही. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि कपबशीखाली लफ्फेदार सही ठोकली. मोजणीत साऱ्या तालुक्याला दिसू दे, मारुती फुटत नसतो.

दिसलं सगळ्यांना. अधिकाऱ्यानं मतपत्रिका उघडली, चष्म्यातून बघितली आणि म्हणाला, “ह्याच्यावर मतदाराची सही आहे. ओळख पटते. बाद.” सोपानरावांना एक्केचाळीस, समोरच्याला बेचाळीस. ते एक मत धरलं असतं तर बरोबरी होऊन चिठ्ठी तरी निघाली असती.

आता ह्यात कुणी काय समजावं? अडाणी माणसानं केलं असतं तर लोक हसून सोडून देते. पण कॉलेजात गेलेला माणूस सही करून मत बाद करतो, तो काय न कळता? गावानं एका रात्रीत निकाल लावला : गडी पक्का निघाला. शिक्का मारून शपथ पाळली, सही करून मत मारलं, देवही राजी आणि विरोधी पार्टीही राजी. त्यात दोनच महिन्यांनी मारुतरावांच्या धाकट्या भावाला संघाच्या शीतकरण केंद्रात नोकरी लागली. अर्ज वर्षभर आधीचा होता, पण हे कुणाला सांगणार! सोपानरावांनी भांडण केलं नाही, शिवी दिली नाही. त्यांनी फक्त बांधावर येणं बंद केलं.

राजनंदिनी ऐकता ऐकता पुढे झुकली होती.

“पण मग तुम्ही सांगायचं ना, की मला माहीतच नव्हतं.”

“कसं सांगू? शिकलेला म्हणून तर ठराव केला हुता त्यानं माझा.” मारुतराव खिडकीकडे बघत म्हणाले. “पोरी, फितूर म्हणलेलं मी सोसलं. पर ‘ह्याला एवढं बी कळंना व्हय, कसला कालिज शिकला’ असं कुणी म्हणलेलं सोसवलं न्हाई मला. गर्व हुता. दुसरं काय.”

“आणि सर? त्यांनी चुकीचं शिकवलं होतं?”

“सरांचं कशाला नाव घ्यायचं. तास पावणेपाचचा, आन् शटल पाच दहाला. त्या दिशी आमच्या पाण्याची पाळी हुती, वडील फडात वाट बघत असणार. शटलनं शिट्टी दिली आन् मी मधीच उठून पळालो. सर तवा ‘ठरावदार सही करतात’ एवढंच म्हणलं हुतं. पुढचं आज ऐकलं.” त्यांनी टोपी सारखी केली. “मला आपलं वाटायचं, आपलं मत हितं बाद झालं, पर आमेरिकेत धरलं असतं. तेवढाच आधार हुता. आज त्यो बी गेला.”

राजनंदिनीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. तिनं ओढणीनं नाक पुसलं.

“सोपानआजोबा कुठं असतात आता?”

“निमोण्याला. लेकीकडं. अर्धं अंग गेलंय म्हणत्यात.”

“मग जा की आप्पा.”

 खुटबाव स्टेशनवर उतरल्यावर मारुतरावांनी बाहेरच्या दुकानातून शंभर पानी वही घेतली, आणि कॉलेजातल्या पुढच्या सहा तासांना शेवटच्या बाकावर बसून ती भरली. मॅडम काय बोलतील ते सगळं. सिनेट, सर्वोच्च न्यायालय, राष्ट्राध्यक्षाला घरी पाठवायची रीत. राजनंदिनीचं पलस्तर निघालं, ती एकटी जिना चढायला लागली, तरी आजोबा यायचे थांबले नाहीत.

*

निमोण्याला जायला भांडगावहून सरळ गाडी नाही. चौफुल्याला बदलायची, भीमा ओलांडून न्हावऱ्याला जायचं, तिथून पुढे दुसरी एसटी. फाट्यावर उतरताना कंडक्टर म्हणाला, “बाबा, हीच गाडी साडेचारला माघारी फिरती. ती चुकली तर आज मुक्कामच.”

“तेवढा यळ लागायचा न्हाई,” मारुतराव म्हणाले. मनात त्यांनी एक चहा आणि दहा मिनिटं एवढंच धरलं होतं. तेही, दार उघडलं तर.

मोनाली अंगणात कांद्याची पात कापत बसली होती. निवडणुकीच्या साली ती दहा वर्षांची होती. त्याआधी मारुतकाकांच्या खांद्यावर बसून तिनं जत्रा बघितली होती. तिनं हातातला विळा खाली ठेवला आणि डोक्यावर पदर घेतला.

“काका, तुम्ही?”

“सोपान जागा हाय का?”

“जागंच असत्यात. या.” मग हळू आवाजात म्हणाली, “बोलले न्हाईत तर मनाला लावून घिऊ नका. माझ्याशी बी दिसादिसात बोलत न्हाईत.”

सोपानराव ओसरीत खाटेवर उशीला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर नुसता ठेवून दिल्यासारखा. एके काळी हा माणूस बैलगाडीचं चाक एकट्यानं उचलायचा.  मारुतराव समोरच्या खुर्चीवर बसले आणि पिशवी पायाशी ठेवली.

 मोनालीनं चहा आणून ठेवला, वडिलांच्या डाव्या हातात कप दिला आणि ती आत गेली.

“कशाला आलास?” सोपानराव शेवटी म्हणाले. जीभ जड झाली होती, शब्द एकेक करून येत होते.

“सांगायचंय थोडं. त्या मताचं.”

“मतं मोजून झाली मारुत्या. कवाच.”

“व्हय. पर मी सही का केली ते सांगायचं राहिलंय.”

सोपानरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पण कान फिरवता येत नाहीत. मारुतरावांनी भिंतीकडच्या त्या पाठीला सगळं सांगितलं. कॉलेजातला पत्र्याच्या शेडमधला वर्ग सांगितला, सर सांगितले, शटलची शिट्टी, पाण्याची पाळी, पळत सुटताना कानावर पडलेलं शेवटचं वाक्य. केंद्रातल्या पडद्याआड खिशातून पेन कसं काढलं तेही सांगितलं. मग पिशवीतली वही काढली, चष्मा लावला आणि खूण घातलेलं पान उघडलं.

“ऐक. ‘मत चिठ्ठीनं द्यायचं. मग यादी करायची. सही यादीवर करायची.’ मॅडमनी सांगितलंय, मी लिहून घेतलंय. मी निम्मंच ऐकलं हुतं, सोपाना. येडा मी. लबाड न्हाई. लई दिस सांगायचं म्हणत हुतो, पर येडा म्हणवून घ्यायची लाज वाटली. तेवढ्यासाठी अठ्ठावीस वरसं तुला फितुराचा मैतर करून ठेवलं.”

आत मोनालीचं भांड्यांचं काम थांबलं होतं. सोपानरावांची मान हळूहळू इकडे वळली.

“म्हंजी,” ते म्हणाले, आणि पुढचा शब्द सापडायला त्यांना वेळ लागला, “म्हंजी आमेरिकेत बी बाद?”

“आमेरिकेत बी बाद.”

सोपानरावांचे खांदे हलायला लागले. मारुतराव घाबरून उठले, त्यांना वाटलं झटका आला. पण सोपानराव हसत होते. तोंडाची एकच बाजू हसत होती, दुसरी जागची हलत नव्हती, आणि डोळ्यांतून मात्र दोन्हीकडून पाणी येत होतं. हातातला कप डुचमळून चहा लुगड्याच्या गोधडीवर सांडला.

“आन् मी म्हस्कूतात्याला नावं ठिवली,” ते म्हणाले. “त्यानं निदान रेघंवर तरी मारला.”

मारुतरावांनी त्यांच्या हातातून कप घेतला, गळ्यातल्या उपरण्यानं गोधडी टिपली आणि तसंच त्यांचं तोंडही पुसलं. लहान पोराचं पुसावं तसं. सोपानरावांनी पुसू दिलं.

“मी बी चुकलो,” थोड्या वेळानं सोपानराव म्हणाले. “दाराशी इचारायला नगं हुतं तुला. भंडारा उचलल्याला गडी.”

“जाऊ दे.”

“न्हाई. ते मला हितं पडल्या पडल्या लई डाचतं. तू आत चालला हुतास. तुझं तोंड बघितलं मी तवा. मला तवाच कळलं हुतं, की ह्यो फुटायचा न्हाई.” ते दम खायला थांबले. “मग मोजणी झाली, लोकं बोलाय लागली, आन् मी लोकांचं ऐकलं.”

 ज्या माणसाला पटवायला मारुतराव दोन गाड्या बदलून आले होते, त्याला ते आधीपासून ठाऊक होतं. आणि तरीही दोघांचे बांध अठ्ठावीस वर्षं एकमेकांना लागून कोरडे पडले होते. त्यांना फार वाईट वाटलं, आणि फार हलकंही वाटलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला, परत लावला.

सोपानरावांनी डावा हात पुढे केला.

“बघू ती वही.”

मारुतरावांनी वही त्यांच्या मांडीवर ठेवली. सोपानरावांनी अंगठ्यानं एक पान उलटलं. अक्षर तेच होतं, जरा थरथरणारं. पानामागून पान गच्च भरलेलं.

“एवढं समदं तू लिवलंस?”

“मग कोण?”

“खाली सही केल्याली दिसत न्हाई.”

“आता हात जोडले सहीला.”

पुन्हा ती अर्धी बाजू हसली. मग सोपानराव उशीला नीट टेकले, आणि गावच्या सभेत इतिवृत्त वाचायला सांगताना लावायचे तसा आवाज लावून, जेवढा लागला तेवढा, म्हणाले, “वाच. तू पळाला तिथनं पुढं. काय सांगितलं सरांनी मागं, ते मला बी कळू दे.”

मारुतरावांनी खुर्ची खाटेजवळ ओढली आणि वाचायला घेतलं. यादीच्या किती प्रती करतात, त्या कुठं कुठं पाठवतात, त्या दोन्ही सभागृहांसमोर कोण उघडतं. सोपानराव मधूनच हात वर करून थांबवत, एखादी शंका काढत. समजलं की मान हलवत. ऊन अंगणातून ओसरीच्या पायरीवर आलं.

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. मोनाली लगबगीनं दारात आली.

“काका, गाडी आली. पळत गेलात तर गावंल.”

हॉर्न पुन्हा वाजला. मारुतरावांचं बोट ओळीवर होतं. सोपानराव त्यांच्याकडे बघत होते.

“जाऊ दे गाडी,” मारुतराव म्हणाले. “राजनंदिनीला तेवढा फोन लाव, म्हणावं आप्पा आज हितंच राहिल्यात.”

गाडी निघून गेल्याचा आवाज आला, मग तोही विरला. मोनालीनं आत जाऊन पिठाचा डबा उघडला. मारुतरावांनी चष्मा पुसला आणि बोट ठेवलं होतं तिथून पुढं वाचायला लागले.